टूरिझमचं प्रॅक्टिकल ऑनलाइन जमतं का? मित्रास पत्र

प्रिय मित्रा,

टूरिझमचा डिप्लोमा ऑनलाइन करू का म्हणून विचारलंयस, व्हॉइस नोट फार लांबली असती म्हणून सरळ लिहायलाच बसलो.

प्रॅक्टिकल गोष्टी ऑनलाइन येतच नाहीत असं लोक सरसकट म्हणतात ना, ते मला काही पटत नाही. अरे या धंद्यातलं बरंचसं प्रॅक्टिकल स्क्रीनवरच चालतं. अमॅडियसवर, म्हणजे ट्रॅव्हल एजंट विमानाची तिकिटं काढतात त्या सिस्टिमवर, बुकिंग शिकायचं तर वर्गात काय नि घरी काय, समोर तीच स्क्रीन. नाव, सेक्टर (कुठून कुठे जायचं ते), कॉन्टॅक्ट, तिकिटिंगची तारीख, रिक्वेस्ट कोणाकडून आली, यातलं एक जरी राहिलं तरी पीएनआर, म्हणजे बुकिंगची नोंद, सेव्ह होत नाही, सिस्टिम तिथल्या तिथे अडवते, आपण परत करतो आणि असं करत करतच हात बसतो. फक्त ट्रेनिंग लॉगिन खरंच देतात की नुसते स्क्रीनशॉट दाखवतात ते बघ. आयटिनररी बनवणं, कनेक्टिंग फ्लाइटला किती वेळ ठेवायचा, युरोपच्या शेंगेन व्हिसाचं, कुठल्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहायचं गणित, हे सगळं ऑनलाइन मस्त जमतं, डोक्यात नाही शिरलं तर रेकॉर्डिंग परत लावता येतं.

पण ग्रुप हातात आला की घोडं पेंड खातं, कारण माणसं एरर मेसेज देत नाहीत. साधी गोष्ट, चालत्या बसमध्ये गाइड प्रवाशांकडे तोंड करून उभा असतो, म्हणजे त्याची डावी बाजू ती त्यांची उजवी, शिवाय बघायची वास्तू दिसण्याच्या थोडं आधीच बोलायला लागायचं, नाहीतर वाक्य संपेपर्यंत बस पुढे गेलेली. नोट्समध्ये हे दोन ओळींत उरकतं, पण हातात माइक, बस हलतेय, कोणीतरी मधेच टॉयलेट कधी विचारतंय, अशात तोंडून बरोबर बाजू निघायला सरावच लागतो. पायी फिरवताना तर सगळ्यात मागे राहिलेले आजोबा पोचेपर्यंत तोंड उघडायचं नाही, आणि तेवढ्यात पुढचे पांगतात. स्ट्रीट व्ह्यूवर रस्ता नि पायऱ्या आधी बघून ठेवता येतात, उपयोगच होतो, पण त्या दिवशीची गर्दी काही त्यात दिसत नाही.

आणि त्या क्विझ! 'पर्यटक चिडला तर काय कराल?' चार पर्यायांत 'शांतपणे ऐकून घेईन' असतंच, सगळ्यांना पैकीच्या पैकी. खरा चिडलेला माणूस समोर आला की कळतं.

डेव्हिड कोल्ब या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञाने १९८४ मध्ये मांडलेलं शिकण्याचं चक्र आहे ना, अनुभव घ्या, त्यावर विचार करा, त्यातून नियम काढा, परत करून बघा, त्यातले मधले दोन टप्पे ऑनलाइन कोर्स छान करून घेतात. स्वतःच्या कॉमेंटरीचा व्हिडिओ काढून तो सगळ्यांनी मिळून बघणं हे तर मला वर्गापेक्षाही भारी वाटतं, आपण किती वेळा 'म्हणजे' म्हणतो ते कळून लाज वाटते. पण पहिला नि शेवटचा टप्पा बाहेरच होतो. २०२० मध्ये सगळं बंद पडलं तेव्हा फील्डवर्कच्या जागी असाइनमेंट चालवून घेतल्या, तेव्हा इलाजच नव्हता, आता तसं कोणी करत असेल तर तो आळस आहे.

म्हणून थिअरी आणि सॉफ्टवेअर ऑनलाइन, फील्ड प्रत्यक्ष, असा कोर्स मिळाला तर बिनधास्त घे. इंटर्नशिप कोण लावून देतं, खऱ्या ग्रुपबरोबर किती दिवस पाठवतात आणि तिथे तुझं काम बघून मार्क कोण देतं, एवढं लेखी विचार. उत्तर आलं की फी भरायच्या आधी मला फॉरवर्ड कर.

तुझाच,
जुना बेंचमेट