आईच्या दाढांतली चांदी जागेवर ठेवलीत, त्याबद्दल

आदरणीय डॉक्टर मॅडम,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात आईला घेऊन तुमच्याकडे आले, तेव्हा तिच्या दाढांतली सगळी चांदी काढून टाकायची असं आमचं ठरलेलं होतं. चाळीसेक वर्षांपूर्वी भरलेल्या चार दाढा. त्यात पारा असतो आणि तो रोज पोटात जातो, असं कुणीतरी तिला मोबाइलवर पाठवलं होतं. आधी ज्या दवाखान्यात गेलो, तिथे चारही उकरून पांढरं भरून देतो म्हणाले आणि खर्चाचा कागदही दिला. आईला रात्र रात्र झोप नव्हती.

तुम्ही एकेक दाढ आरशात पाहिलीत, कडा चाचपल्यात, एक्स-रे काढलात. मग खुर्ची सरळ करून तिच्या समोर बसलात. पारा असतो, हे तुम्ही लपवलं नाहीत. जवळजवळ निम्मं वजन त्याचंच, बाकी चांदी, कथील, तांबं. चावताना थोडी वाफ सुटते, पण ड्रिलने उकरताना त्याहून कितीतरी जास्त सुटते, शिवाय आजूबाजूचा चांगला दातही कापला जातो. "काकू, फिलिंग घट्ट आहे, कडेला कीड नाही. ह्या दाढांना मी हात लावणार नाही." आईचा चेहरा तेव्हाच सैल झाला.

मग जगभर हे बंद का करताहेत, असं मी जरा हट्टानेच विचारलं. तुम्ही वैतागला नाहीत. जपानमधल्या मिनामाताचं नाव दिलेला 2013 चा पाऱ्याबद्दलचा करार तुम्ही सांगितलात. दवाखान्यातून सांडपाण्यात जाणारा पारा पुढे माशांपर्यंत पोहोचतो, ही त्यातली मोठी काळजी. आणि 15 वर्षांखालची मुलं, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका यांना ही चांदी भरू नये, असं त्यात 2022 मध्ये ठरलं. नवीन भरणं आणि जुनं उकरणं हे दोन वेगळे प्रश्न आहेत, हे मला त्या दिवशी कळलं.

खरं दुखणं तर भलतीकडेच निघालं. हिरडी खाली सरकून उघड्या पडलेल्या मुळाला कीड लागली होती. आई तिथे लवंग धरून दिवस काढत होती आणि आम्ही दोष देत होतो चांदीला! तोंड कोरडं पडलं की कीड लवकर लागते, पण रक्तदाबाच्या गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं का, हे तिला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. हिरडीलगतची जागा पूर्ण कोरडी राहत नाही, तिथे कॉम्पोझिट, म्हणजे दाताच्या रंगाचं भरण, नीट चिकटणार नाही, म्हणून तुम्ही ग्लास आयोनोमर नावाचं सिमेंट भरलंत. ते दाताशी रासायनिक बंधाने धरतं आणि हळूहळू फ्लोराइड सोडतं, म्हणून कोरड्या तोंडाला जास्त उपयोगी. घरी आल्यावर मी वाचलं, लंडनमधल्या विल्सन आणि केंट यांनी 1972 साली ते जगापुढे मांडलं. वर व्हॅसलीनचा हात फिरवून त्या दिवशी त्या बाजूने चावू नका म्हणालात. आईने दोन दिवस पाळलं.

पुढच्या दाताचा उडालेला टवका मात्र कॉम्पोझिटने भरलात. दात कोरडा पडला की जास्त पांढरा दिसतो, म्हणून रंग आधीच खिडकीच्या उजेडात जुळवलात. पातळ थर, तो घट्ट करणारा निळा दिवा, पुन्हा थर. शेवटी निळा कागद चावायला देऊन उंच लागतंय का ते चार वेळा पाहिलंत. आई घरी येऊन आरशासमोर उभी राहिली आणि कुठला दात भरला ते तिला सापडेना.

चार दाढांचे पैसे तुम्हाला सहज मिळाले असते. आम्ही तयार होऊनच आलो होतो. तुम्ही त्याऐवजी एका घाबरलेल्या बाईला पाऊण तास दिलात. त्यासाठी मनापासून आभार.

आई रात्री झोपते आता. मऊ ब्रश आणि तुम्ही लिहून दिलेली फ्लोराइडची पेस्ट चालू आहे. सहा महिन्यांनी तपासणीला येऊ. येताना तुमच्यासाठी लसणीची चटणी आणायची, असं तिने आत्ताच बजावून ठेवलंय.

आपली,
काकूंची मुलगी