दोरी ओढून बघ

प्रिय सुमे,

काल फोनवर तू रडलीस. "दादांना वृद्धाश्रमात टाकलं म्हणतील गं," हेच पुन्हा पुन्हा म्हणत होतीस. रात्रभर तेच मनात घोळत राहिलं, म्हणून सविस्तर लिहितेय.

आधी 'टाकलं' हा शब्द काढून टाक. असिस्टेड लिव्हिंगमध्ये आपली खोली, आपलं कपाट, आपले देव असतात. आंघोळ, कपडे, औषधांच्या वेळा, उठबस, एवढ्यापुरता कुणाचा तरी हात मिळतो. दादा पेपर वाचतात, हिशेब तोंडपाठ सांगतात, पण बाथरूममधून एकट्याने बाहेर येताना त्यांचे पाय लटपटतात. अशांसाठीच ही सोय आहे. नळीने जेवण किंवा चोवीस तास नर्स लागत असेल, तर मात्र ती पुरत नाही.

आईचं खुब्याचं हाड मोडल्यावर आम्ही पुण्यात तीन जागा पाहिल्या. पहिलीची बाग इतकी सुरेख की मी जवळजवळ पैसे भरणार होते. मग एकदा रात्री साडेनऊला न कळवता गेले. दोन मजल्यांना मिळून एकच मावशी! आईला रात्रीतून तीनदा उठावं लागतं. तिथून तशीच परत आले.

आता आई आहे तिथे कमोडशेजारी मदतीच्या घंटेची लाल दोरी आहे, थेट फरशीपर्यंत लोंबणारी. पडलेल्या माणसाचाही हात पोचावा म्हणून. पहिल्याच भेटीत मी ती ओढली आणि घड्याळ बघत उभी राहिले. दीड मिनिटात मावशी दारात हजर.

महारेराने, म्हणजे राज्यातल्या बांधकाम प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या प्राधिकरणाने, 2024 मध्ये ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी मापं ठरवून दिलीत: दार किमान 900 मिलिमीटर रुंद, म्हणजे व्हीलचेअर अडत नाही, बाथरूममध्ये आधाराचे दांडे, न घसरणाऱ्या फरशा. पण हे झालं बांधकामाचं. आंघोळ कोण घालणार, हे करारातच बघावं लागतं. अनामत कधी परत मिळेल, डायपर आणि फिजिओथेरपी महिन्याच्या पैशांत धरलीय का, तेही वाच. आपला नेहमीचा आरोग्य विमा हा राहण्याचा खर्च देत नाही. आणि तब्येत खालावली तर ठेवून घेतील की "घेऊन जा" म्हणतील? हे विचारायला जीभ रेटत नाही, तरी विचारच.

दादांना मात्र आधी सांग, सगळं ठरवून झाल्यावर नको. आईला मी उशिरा सांगितलं. पंधरा दिवस ती माझ्याशी धड बोलली नाही, ते अजून सलतं.

रविवारी दादांना घेऊन ये. दुपारी ते आईशी पत्ते खेळतील. रात्री आपण दोघी तू निवडलेल्या जागी जाऊ, न कळवता.

तुझीच,
शैला