आधी पोथ्यांचं लॅमिनेशन थांबवा

मा. सांस्कृतिक कार्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य

स.न.वि.वि.

२०२७ च्या सिंहस्थात रामकथा नाशकात भिंतीभिंतीवर दिसेल. आमचं मागणं कागदावरच्या रामकथेबद्दल आहे. पंचवटीतल्या आणि जुन्या नाशकातल्या घरांत, मठांत रुमालात बांधलेल्या पोथ्या आहेत. काहींत हाताने रंगवलेली चित्रं आहेत. कसरीने पानं जातात, तशी चांगल्या हेतूने केलेल्या दुरुस्तीनेही जातात, आणि तिथे सरकारचं एक परिपत्रक खूप काम करील.

या चित्रांतले हिंगूळ (लाल), हरताळ (पिवळा), नीळ हे रंग डिंकात खललेले असतात. डिंक पाण्यात विरघळतो, त्यामुळे ओल्या फडक्याने धूळ पुसली की सीतेचा चेहराच फडक्यावर येतो. लॅमिनेशन त्याहून वाईट. यंत्राच्या उष्णतेत प्लास्टिक रंगाला चिकटतं, ते सोडवायला गेलं की रंगाचे पोपडे त्याच्यासोबत निघतात. आतली ओल आतच राहते. चिकटपट्टीचा गोंद काही वर्षांत पिवळा होऊन कागदात मुरतो.

हिरव्या रंगाकडे विशेष लक्ष हवं. जंगाल हा हिरवा रंग तांब्यापासून करतात. ते कागद जाळत जातं, म्हणून झाडांच्या आणि वस्त्रांच्या कडेने पान तपकिरी पडून तुटतं. ओल मिळाली की हे वेगाने होतं, तेव्हा अशा पानाला पातळ खळीचा हातही लावू नये. सफेदा (पांढरा रंग) किंवा शेंदूर काळा पडला असेल तर तो मळ नव्हे; शिशाचा रंग हवेतल्या गंधकाने काळवंडतो. घासून तो उजळत नाही, फक्त जातो. आणि हरताळात सोमल, म्हणजे आर्सेनिक हे विष असतं. बोटाला थुंकी लावून पान उलटण्याची आपली सवय निदान इथे तरी सोडावी.

पारायणात पोथीवर कुंकू वाहतात. त्याला आमची हरकत नाही, फक्त ते वेष्टनावर वाहावं, पानावर नको. वेष्टन धुऊन खळ काढलेल्या मांजरपाटाचं असावं. लाल कापड भिजलं की रंग पानांत उतरतो. दोन पानांमध्ये वर्तमानपत्र घालू नये, आम्लरहित कागद घालावा. पोथी आडवीच ठेवावी.

स्कॅनिंगच्या मोहिमा येतात तेव्हा घाई होते. रुमाल सोडल्यावर, पानं हलवण्याआधी, आहे त्या क्रमाचा फोटो घ्यावा. मग प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात मऊ पेन्सिलीने क्रमांक टाकावा. कॅमेरा वर, दिवे दोन्ही बाजूंना तिरपे, फ्लॅश बंद, शेजारी रंग ताडून पाहायची रंगपट्टी. पान काचेखाली दाबू नये. मागची बाजूही टिपावी, कारण कथेचा मजकूर बऱ्याचदा तिथेच असतो. महाराणा जगतसिंहांच्या काळात सुरू झालेल्या, १६४९ ते १६५३ दरम्यान चितारलेल्या मेवाड रामायणाची पानं लंडन, मुंबई, राजस्थान अशी पांगली. बरीचशी २०१४ मध्ये संगणकावर एकत्र आली. पानांवरचे क्रमांक आणि मजकूर शाबूत नसते तर ती लावायची कशी?

म्हणून तीन गोष्टी मागतो. हस्तलिखितांचं लॅमिनेशन, चिकटपट्टी आणि ओली सफाई बंद करणारं परिपत्रक काढून ते देवस्थानं, वाचनालयं आणि शाळांपर्यंत पोचवावं. नाशकात कागद-संवर्धनाची एक खोली आणि तिच्यासाठी कायम पदावरचा प्रशिक्षित संवर्धक द्यावा. प्रदर्शनात मांडलेल्या चित्रांवर ५० लक्सपेक्षा (लक्स हे प्रकाश मोजायचं एकक) जास्त प्रकाश नसावा आणि तीन महिन्यांनी पानं बदलावीत. खोलीत आर्द्रता ५० ते ५५ टक्के राहावी. वातानुकूलन संध्याकाळी सहाला बंद करायचं असेल तर ते न बसवलेलं बरं, कारण रोजच्या चढउताराने डिंक फुगतो, आकसतो आणि रंगाचे पोपडे सुटतात.

जागा सराफ बाजाराच्या बाजूला ठरली तर तळमजला घेऊ नये. गोदेला पूर आला की पाणी तिथल्या जुन्या सरकारवाड्याच्या कितव्या पायरीला लागलं, हे नाशिककर दरवर्षी विचारतात.

आपले,
सचित्र पोथ्यांवर काम करणारे काही नाशिककर