लॉलीपॉप लेडीचं काम नेमकं काय असतं

लेस्टर, इंग्लंड
१४ जानेवारी

प्रिय दादा,
सा. न.

शाळेच्या गेटसमोर पालकांनी आळीपाळीने उभं राहून मुलांना रस्ता ओलांडून द्यायचा, असं तुमच्या समितीत ठरत असल्याचं कळलं. इथल्या पिवळ्या कोटातल्या बायका नेमकं काय करतात, असं तू विचारलंस. लांबून बघणाऱ्याला ते पाटी धरायचं काम वाटतं. पण त्यातलं निम्मं कौशल्य पाटी न उचलता थांबून राहण्यात आहे.

लांब दांड्यावर गोल पिवळी पाटी, म्हणून नाव लॉलीपॉप लेडी. पुरुषही असतात. १९५३ च्या कायद्याने ही पद्धत देशभर आली. आता १९८४ चा कायदा लागू आहे. पाटी दाखवली की गाडीने थांबायचं, आणि पाटी वर आहे तोवर हलायचं नाही. न थांबल्यास १००० पौंडांपर्यंत दंड आणि लायसन्सवर ३ दंडाचे गुण (पॉइंट). मात्र ठरलेला गणवेश अंगावर नसेल तर नुसत्या पाटीला हे बळ नाही. थंडी असो, उकाडा असो, पायघोळ चकाकणारा कोट घालायचाच. शिवाय अधिकार फक्त गाड्या थांबवण्याचा आहे. 'या, या, निघा' असा हात करायचा नाही, कारण तो वाहतूक पोलिसाचा प्रांत.

नोकरी काउन्सिलची, म्हणजे इथल्या स्थानिक प्रशासनाची. सकाळी आणि शाळा सुटताना साधारण पाऊण-पाऊण तास, म्हणजे आठवड्याला साडेसात तास, आणि तेही शाळेच्या दिवसांतच. शिक्षणाची अट नाही. नजर, कान आणि चालणं ठीक हवं, आणि मुलांशी संबंध म्हणून पार्श्वभूमीची तपासणी होते. माझ्या मते खरी अट वक्तशीरपणाची. रोज असणारी बाई एखाद्या दिवशी नसली तर मुलं सवयीने तिच्या भरवशावर रस्त्यात उतरतात. कोणीच कधी उभं नसलेल्या रस्त्यापेक्षा हे जास्त धोक्याचं.

आता प्रत्यक्ष काम. मुलं फुटपाथच्या कडेपासून एक पाऊल मागे. बाई कडेवर, दांडा आडवा धरून त्यांच्यापुढे; तोच अडसर. ती गाड्यांमधली फट शोधते. ताशी ३० मैल, म्हणजे ४८ किलोमीटर वेगाने येणारी गाडी थांबायला २३ मीटर घेते: ९ मीटर चालकाला कळेपर्यंत, १४ ब्रेकचे. रस्ता ओला असेल तर अंतर दुप्पट धरायचं. म्हणून जवळ आलेली गाडी जाऊ द्यायची, तिच्यामागची थांबवायची. कडेवरूनच पाटी उभी करून दाखवायची, वेग उतरतोय हे बघायचं, मग मधोमध जायचं: पाटी सरळ उभी, दुसरा हात आडवा. दोन्ही बाजूंच्या गाड्यांची चाकं थांबल्याशिवाय मुलांना हाक नाही. चालकाने हात केला, दिवे लुकलुकवले, तरी चाकांकडेच बघायचं. शेवटचं मूल पलीकडे पोचलं की पाटी वरच ठेवून आपल्या कडेला परतायचं आणि मगच ती खाली घ्यायची.

चुका बहुतेक इथेच होतात. पाटी खाली येता येता एखादं उशिरा आलेलं मूल धावत येतं. त्याच्यासाठी पुन्हा उतरायचं नाही, ते पुढच्या घोळक्यात जाईल. थांबलेल्या गाडीच्या बाजूने मोटरसायकल पुढे सरकते. कोणाचा हातमोजा रस्त्यात पडतो आणि ते मूल मागे वळतं. पलीकडून आई हाक मारते, ही तर सर्वांत वाईट, कारण मूल तेव्हा फक्त आईकडे बघतं. सध्या जानेवारीत साडेआठला सूर्य अगदी खाली असतो, त्यामुळे त्या दिशेने येणाऱ्या चालकाला पाटी दिसेलच असं धरून चालत नाही. वारा जोराचा असला की पाटीचं शीड होतं. दांडा दोन्ही हातांनी धरावा लागतो.

माणूस कुठे ठेवायचा याचा हिशोब तुमच्या उपयोगाचा आहे. सर्वांत गर्दीच्या अर्ध्या तासात ओलांडणारी मुलं मोजायची, दोन्ही दिशांच्या गाड्या मोजायच्या. गाड्यांच्या संख्येचा वर्ग करून त्याला मुलांच्या संख्येने गुणायचं. ४० लाखांच्या वर गेलं की जागा पात्र. ४० मुलं आणि ३२० गाड्या असतील तर ४०,९६,००० येतात, म्हणजे जेमतेम पात्र. मुलं दुप्पट झाली तर आकडा दुप्पट होतो, गाड्या दुप्पट झाल्या तर चौपट. मात्र दृश्य अडलेलं असेल, वळण असेल, तर निव्वळ आकड्यावर निर्णय होत नाही.

पालकांच्या हाती नुसती पाटी दिल्याने ती कायद्याची होत नाही, म्हणून आधी वाहतूक पोलिसांना भेटा. शाळेत आरएसपीची (रोड सेफ्टी पेट्रोल, म्हणजे शाळेतल्या वाहतूक सुरक्षा पथकाची) मुलं असतील तर त्यांना कडेवरची रांग सांभाळू द्या, पण रस्त्यात मोठं माणूसच उतरू दे. आपल्याकडेही गाड्या डावीकडूनच चालतात, तेव्हा 'आधी उजवीकडे बघा' हे जसंच्या तसं लागू. पण उलट दिशेने येणारी दुचाकी इथल्या हिशोबात नाही. तुम्हाला ती हिशोबात धरावीच लागेल.

सोमवार ते शुक्रवार मोजा, पाच-पाच मिनिटांच्या रकान्यांत. आकडे पाठव. सोबत गेटसमोरचा एक फोटो, कडेला लावलेल्या गाड्या न हटवता काढलेला.

वहिनीला नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा