हेडफोन ॲम्प्लिफायरची तुलना छापताना व्होल्ट आणि ओहमही छापा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

तंत्रज्ञानाच्या पुरवण्यांमधून हेडफोन ॲम्प्लिफायरच्या (हेडफोनला पुरेशी ताकद देणाऱ्या यंत्राच्या) तुलना आता मराठीतही येऊ लागल्या आहेत, याचे मनापासून स्वागत. दहा ते पंचवीस हजारांच्या टप्प्यातले यंत्र घेणारा वाचक त्या बारकाईने वाचतो. पण ‘आवाज मोकळा’, ‘बेस भरदार’ अशी विशेषणे, आतल्या चिपचे नाव आणि ‘३२ ओहमवर इतके वॉट’ यापलीकडे त्यांत फारसे काही सापडत नाही. खरी निवड ठरते ती तीन मोजमापांवर. आपल्या हेडफोनच्या ओहमवर (म्हणजे त्याच्या विद्युत अडथळ्यावर, इम्पिडन्सवर) यंत्र किती व्होल्ट देते, यंत्राचा स्वतःचा अडथळा, म्हणजे आउटपुट इम्पिडन्स, किती आहे, आणि आवाज अगदी कमी ठेवल्यावर दोन्ही कान सारखे वाजतात का. एवढे तरी प्रत्येक तुलनेत यावे, अशी विनंती आहे.

वॉटचा आकडा सर्वांत जास्त फसवतो. ३२ ओहमवर १ वॉट म्हणजे साधारण ५.७ व्होल्ट. दुसऱ्या यंत्राने २ वॉट दिले तर फरक पडतो फक्त ३ डेसिबलचा, म्हणजे बटण जेमतेम थोडे पुढे सरकवण्याइतका. उलट, यूएसबीच्या ५ व्होल्टवर चालणाऱ्या आणि आत व्होल्टेज वाढवणारे सर्किट नसलेल्या छोट्या यंत्रातून जास्तीत जास्त १.८ व्होल्टच्या आसपास मिळतात. ३०० ओहमच्या हेडफोनला त्यातून कसेबसे १० मिलिवॉट पोहोचतात, मग खोक्यावर ३२ ओहमचा आकडा कितीही मोठा छापलेला असो.

गरज किती, हे कागदावर काढता येते. ३०० ओहमचा आणि १ मिलिवॉटला ९७ डेसिबल देणारा हेडफोन घेऊ. संगीतातल्या सर्वांत मोठ्या ठोक्याला ११० डेसिबल धरले, तर १३ डेसिबल जास्त, म्हणजे २० मिलिवॉट, म्हणजे सुमारे २.५ व्होल्ट आणि ८ मिलिअँपिअर लागतात. ३७ ओहमचा, ९४ डेसिबलचा प्लेनर (सपाट, पातळ पडद्याचा) हेडफोन असेल तर ४० मिलिवॉट लागतात. व्होल्ट फक्त १.२, पण करंट ३३ मिलिअँपिअर. पहिल्याला व्होल्टेज हवे, दुसऱ्याला करंट, त्यामुळे एका हेडफोनवर उत्तम ठरलेले यंत्र दुसऱ्यावर लंगडे पडू शकते. (११० डेसिबल हा क्षणिक ठोक्याचा हिशेब आहे. सलग ऐकण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा ८० डेसिबल, आठवड्याला ४० तास अशी आहे.) इथे एक खाचही आहे. काही कंपन्या संवेदनशीलता (हेडफोन किती मोठा वाजतो तो आकडा) मिलिवॉटवर देतात, काही व्होल्टवर. ३०० ओहमला या दोहोंत ५ डेसिबलचा फरक पडतो, ३२ ओहमला १५ चा. एकक न पाहता दोन हेडफोनची तुलना केली की सगळा हिशेब कोसळतो. आणि बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो एकाच नावाने ३२, ८० आणि २५० ओहममध्ये मिळतो. परीक्षणात नुसते नाव लिहून भागत नाही.

आउटपुट इम्पिडन्सकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते, आणि कानाला जाणवणारा फरक बहुतेक वेळा त्यातूनच येतो. १९९६ च्या आयईसी ६१९३८ या आंतरराष्ट्रीय मानकात १२० ओहमची शिफारस होती, म्हणून जुन्या यंत्रांत तो मोठा आढळतो. ३०० ओहमच्या डायनॅमिक (नेहमीच्या कॉइल-पडद्याच्या) हेडफोनचा इम्पिडन्स खर्जात १०० हर्ट्झच्या आसपास ५०० ओहमच्या वर चढतो. १२० ओहमच्या यंत्राला तो जोडला की तेवढा खर्ज सव्वा डेसिबलने फुगतो आणि परीक्षक लिहितो, ‘आवाजात ऊब आहे’. ती ऊब कुठल्याही चिपची नव्हे, यंत्र आणि हेडफोन यांच्यातल्या साध्या व्होल्टेज विभागणीची आहे. कानात घालायच्या अनेक ड्रायव्हरच्या इअरफोनमध्ये हे फार बिघडते. त्यांचा इम्पिडन्स कुठे ८ तर कुठे ४० ओहम असला, तर नुसत्या १० ओहमच्या यंत्रावरही स्वरांच्या त्या दोन पट्ट्यांत ५ डेसिबलचा फरक पडतो. हेडफोनच्या इम्पिडन्सच्या एक अष्टमांशापेक्षा यंत्राचा कमी हवा, हा जुना ठोकताळा अजूनही चांगला आहे. आज १ ओहमच्या आतले यंत्र या किमतीत सहज मिळते.

हे घरी मोजता येते. २०० हर्ट्झचा साइन सूर लावा आणि हेडफोन न जोडता आउटपुटवर मल्टीमीटरच्या एसी रेंजमध्ये ०.५०० व्होल्ट येईपर्यंत बटण फिरवा. (साधे मीटर ४०० हर्ट्झच्या वर विश्वासाचे राहत नाहीत, म्हणून सूर खालचा घ्यायचा.) आता ३३ ओहमचा रोधक (रेझिस्टर) जोडा आणि पुन्हा वाचा. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागा, १ वजा करा, ३३ ने गुणा. ०.४८५ आले तर इम्पिडन्स १ ओहम, ०.३८४ आले तर १०. त्याच बैठकीत सूर बंद करून डीसी रेंजमध्ये आउटपुट तपासा. १० मिलिव्होल्टच्या आत असेल तर निर्धास्त राहा, ५० च्या वर गेले तर त्या यंत्राला महागडा हेडफोन लावू नका.

आवाजाच्या बटणाचे दुखणे असे की, मध्यम किमतीच्या बहुतेक यंत्रांत दुहेरी कार्बन पॉट (डाव्या-उजव्या बाजूंसाठी दोन कार्बन पट्ट्यांचा बदलता रोधक) असतो आणि सुरुवातीच्या पाव फेऱ्यात त्याच्या दोन पट्ट्या जुळत नाहीत. पुण्यात यासाठी उत्तम कसोटी हाताशी आहे. जुन्या शास्त्रीय गायनाचे एखादे मोनो ध्वनिमुद्रण लावा. दोन्ही बाजूंना तोच आवाज असल्याने गायक डोक्याच्या बरोबर मध्यभागी हवा. बटण खाली आणताना तो एका कानाकडे सरकू लागला, की पॉट तिथे जुळत नाही. मीटरवर डाव्या-उजव्यात १२ टक्के फरक म्हणजे १ डेसिबल. उपाय म्हणून गेन (यंत्र सिग्नल किती पट वाढवते ते) कमी करा, किंवा संगणकावरचा डिजिटल आवाज १०–१५ डेसिबलने उतरवा, म्हणजे बटण वरच्या, जुळलेल्या भागात येईल. डॅकमधून (डिजिटल आवाजाचा विद्युत सिग्नल करणाऱ्या उपकरणातून) २ व्होल्ट येत असताना १० पट गेन कशासाठी? १ पट आणि साधारण ३ पट असे दोन टप्पे जवळपास सगळ्या हेडफोनना पुरतात. जास्त गेनमुळे पॉटचा सगळा वापर त्या खराब पाव फेऱ्यातच होतो आणि इअरफोनमध्ये सरसर ऐकू येते ती वेगळीच.

भागांबद्दल स्पष्टच लिहितो. २०११ मध्ये एका निनावी अभियंत्याने ‘ऑब्जेक्टिव्ह टू’ हा हेडफोन ॲम्प्लिफायरचा आराखडा सर्वांसाठी खुला केला. गेनसाठी एनजेएम२०६८ आणि आउटपुटला एनजेएम४५५६, हे दोन्ही अगदी स्वस्त ऑप-ॲम्प (सिग्नल वाढवणाऱ्या चिप). तरी ३३ ओहमवर तो सुमारे ६०० मिलिवॉट देतो. तेव्हा महाग चिप म्हणजे चांगले यंत्र, हे समीकरण सोडायला हवे. विकृती (यंत्राने मूळ आवाजात केलेली भेसळ) ०.०००३ टक्के की ०.००३ टक्के यावरही भांडू नये, कारण हेडफोनच्या पडद्याची स्वतःची विकृती खर्जात त्याच्या कितीतरी पट असते. सॉकेटमधला ऑप-ॲम्प काढून दुसरा बसवण्याची हौस तर थेट घातक ठरू शकते. वेगवान चिपला पायांजवळ ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर मिळाला नाही तर ती कानाला न ऐकू येणाऱ्या वारंवारितेवर आंदोलू लागते आणि विनाकारण तापते. त्यापेक्षा झाकण उघडून इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर १०५ अंशांचे आहेत की ८५ चे, हे पाहा. तापमान १० अंशांनी उतरले की त्यांचे आयुष्य ढोबळमानाने दुप्पट होते. त्यामुळे तापणाऱ्या सेट-टॉप बॉक्सवर ॲम्प ठेवू नये.

दोन यंत्रे कानाने तोलायची असतील तर दोन्हींचे व्होल्टेज, हेडफोन जोडलेला असताना, १ टक्क्याच्या आत जुळवून घ्या. किंचित मोठे वाजणारे यंत्र नेहमीच ‘जास्त स्पष्ट’ वाटते.

बॅलन्स्ड आउटपुटला (ज्यात डाव्या-उजव्या बाजूंच्या ऋण तारा वेगळ्या असतात) साध्या प्लगचा अडॅप्टर लावू नका. त्यात दोन्ही बाजूंच्या ऋण तारा एकमेकींना जोडल्या जातात आणि आउटपुट शॉर्ट होऊन यंत्र जळू शकते. संगणकाला जोडल्यावर तानपुऱ्यामागे ५० हर्ट्झची घूं ऐकू आली, तर आधी ॲम्प बदलू नका, दोन्ही उपकरणांचे प्लग एकाच एक्स्टेंशन बोर्डवर लावून पाहा. जुन्या इमारतींत अर्थिंग कच्चे असते, ते तपासून घ्यावे. पण घूं जावी म्हणून प्लगची अर्थची पिन कधीही कापू नका.

परदेशातून मागवलेल्या यंत्राचा १२० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मरवाला अडॅप्टर आपल्या २३० व्होल्टवर लगेच जळतो. वर लिहिलेल्या ‘ऑब्जेक्टिव्ह टू’सारख्या काही यंत्रांना तर एसी ते एसी अडॅप्टर लागतो. त्यांना डीसी जोडला की ऋण बाजूचा पुरवठा तयारच होत नाही. तिथे २३० ते १५ व्होल्ट, ५०० मिलिअँपिअरचा ट्रान्सफॉर्मर प्राथमिक बाजूला फ्यूज घालून बंद डब्यात बसवला की काम होते. तो बुधवार पेठेत तपकीर गल्लीत मिळतो. तिथूनच मोजणीत हेडफोनच्या जागी जोडायला ३३ आणि ३३० ओहमचे रोधकही आणता येतील. पूर्ण ताकद मोजायची असेल तर २ वॉटचे घ्यावेत, पाव वॉटचा रोधक धूर सोडतो.

आपला,
एक वाचक
सदाशिव पेठ, पुणे ३०