वाट एक, वेग दोन
परिसरातल्या पायवाटा आणि सायकलवाटा धुंडाळण्याविषयीचा आपला लेख वाचला. घराजवळची वाट आधी पायाखाली घालावी, हे पटले. पादचारी आणि सायकलस्वार यांनी एकच अरुंद वाट वापरावी, ही सूचना मात्र पटली नाही. चालणाऱ्याचा वेग ताशी ५ किलोमीटरच्या आसपास, सायकलचा सहज १५. वेग तिप्पट म्हणजे त्याच वजनाच्या धडकेतली ऊर्जा नऊपट. शिवाय सायकल मागून जवळजवळ बिनआवाज येते आणि घंटी वाजली की माणूस दचकून नेमका चुकीच्या बाजूला सरकतो (मीही सरकलो आहे!). जागा असेल तिथे पट्टे वेगळे आखावेत. नसेल तिथे सायकलस्वाराने वेग आवरावा, आंधळ्या वळणावर सरळ उतरून चालावे.
– एक नियमित पादचारी