पुडीतली राख

कागोशिमा (जपान), रविवार

ती. बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

पाकिटात कागदाची छोटी पुडी आहे. उघडताना फुंकर मारू नका, आणि बोट लागलं तर ते डोळ्याला लावू नका. आमच्या गॅलरीतली राख आहे, इथल्या साकुराजिमा ज्वालामुखीची. परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "तो डोंगर फुटणार तरी केव्हा?" मी म्हटलं, "अहो, तो आठवड्यातून दोनतीनदा फुटतोच." त्यावर मागून आईचा आवाज आला, "तिला म्हणावं परत ये." मग मी काय सांगितलं ते माझं मलाच पटलं नाही. म्हणून हे पत्र.

आधी पुडीतलं बघा. भिंग घ्या, घड्याळं दुरुस्त करणारे लावतात तसलं. राख म्हणतात खरी, पण ती काही जळून झालेली नाही. वितळलेला दगड हवेत उडून, फुटून, क्षणात गार झाला की त्याचा असा चुरा होतो. दोन मिलिमीटरच्या आतला सगळा चुरा राखेतच धरतात. काही कण काचेसारखे चमकतील, कडा धारदार दिसतील. ती काचच आहे. इथे आल्यावर पहिल्याच महिन्यात मी कोरड्या फडक्याने चष्मा पुसला, त्याचे ओरखडे अजून काचेवर आहेत. आता आधी पाणी ओतते, मगच पुसते. राख गोळा करायला नगरपालिका खास पिवळ्या पिशव्या देते, आणि हवामानाच्या बातम्यांत डोंगरावरचा वारा कुठे वळणार ते रोज सांगतात. वारा समुद्राकडे असला की कपडे बाहेर.

डोंगर खाडीपलीकडे आहे, किनाऱ्यापासून जेमतेम चार किलोमीटर. उंची १,११७ मीटर. स्फोट झाला की आधी काहीच ऐकू येत नाही. करड्या धुराचा फुलकोबीसारखा लोट वर चढताना नुसता दिसतो. मुख कागोशिमापासून साधारण दहा किलोमीटरवर, म्हणून अर्ध्या मिनिटाने खिडकीच्या काचा थरथरतात. तुम्ही लांबच्या टेकाडावरून सुरुंग बघायला न्यायचात, तेव्हा आधी धुरळा दिसायचा नि मग आवाज यायचा, तसंच अगदी. मी अजून आकडे मोजते.

आता हा वितळलेल्या दगडाचा रस येतो कुठून? लहानपणी मला वाटायचं, पृथ्वीच्या पोटात सगळीकडे लाव्ह्याचा समुद्र आहे आणि आपण वरच्या सालीवर बसलोय. तसं नाही. सालीखालचा थर, ज्याला प्रावरण म्हणतात, तो जवळजवळ सगळा घट्ट दगडच आहे. लालबुंद तापलेला, पण घट्ट. वरच्या दडपणामुळे त्याला वितळताच येत नाही. तो वितळायचा तर दोन मुख्य वाटा. एक, दडपण कमी व्हावं. जिथे भूपट्ट, म्हणजे पृथ्वीच्या सालीचे प्रचंड तुकडे, एकमेकांपासून दूर जातात, तिथे खालचा तापलेला दगड वर सरकतो आणि ओझं हलकं झालं की आणखी उष्णता न देताच वितळायला लागतो. समुद्रतळावरच्या लांबच लांब पर्वतरांगा अशा झाल्या. आइसलँड म्हणजे तीच रांग पाण्याबाहेर आलेली. खोलातून तापलेल्या दगडाचा खांब वर येतो तिथेही हेच. हवाई बेटं त्याच्यावर उभी आहेत.

दुसरी वाट मला आधी खरीच वाटली नव्हती: दगड पाण्याने वितळतो. इथे फिलिपीन समुद्राचा भूपट्ट जपानच्या खाली घुसतोय. समुद्रतळाचा तो दगड जाताना आपल्या खनिजांत पाणी घेऊन जातो. सुमारे शंभर किलोमीटर खाली गेल्यावर दाबाने आणि उष्णतेने ते पाणी पिळून निघतं, वरच्या तापलेल्या दगडात शिरतं, आणि त्याचा वितळबिंदू शेकडो अंशांनी उतरतो. पॅसिफिकच्या काठाकाठाने जपान, फिलिपिन्स, इंडोनेशिया, पलीकडे अँडीज अशी जी ज्वालामुखींची माळ आहे, ती बहुतेक या पाण्याचीच करणी. पाण्याची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तीच उपद्रव करते.

रस झाला की तो आजूबाजूच्या दगडापेक्षा हलका असतो, म्हणून फटी शोधत वर येतो आणि काही किलोमीटर खोलीवर साठतो. पुढे कोणत्या जातीचा डोंगर होणार ते त्या रसाच्या घट्टपणावर. त्यात वाळूचा जो अंश असतो, सिलिका, तो कमी असला, समजा निम्म्याला निम्मा, तर रस अकराशे-बाराशे अंश तापलेला आणि पातळ. सत्तर टक्क्यांवर गेला की सातशे-आठशे अंशांचा, चिकट, डांबराहून किती तरी घट्ट.

पातळ रस तुम्हाला नवा नाही. चाळीस वर्षं तुम्ही त्यातच विहिरी पाडल्यात. वर मुरूम, मग तो भोकाभोकांचा मांजऱ्या, मग तो सुरुंगालाही न बधणारा काळा फत्तर, मध्येच तांबड्या मातीचा पट्टा, आणि पुन्हा मांजऱ्या. तुम्ही मला थर मोजायला लावायचात, आणि मला कंटाळा यायचा. तो प्रत्येक थर म्हणजे लाव्ह्याचा एकेक पूर. पूर गार होताना त्यातले वायूचे बुडबुडे वर चढले नि तिथेच अडकले, ती मांजऱ्यातली भोकं. तळाचा भाग सावकाश निवला, तो काळा फत्तर. पुढचा पूर यायच्या आधी मधला काळ गेला, ऊनपावसाने वरच्या थराची माती झाली, आणि नव्या लाव्ह्याने ती भाजून लाल केली. सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वीचं हे प्रकरण. शंकूबिंकू काही नाही, जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि रस वाहत राहिला. झिजून उरलाय तो आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर आहे, सह्याद्रीत जागोजागी दोन किलोमीटर जाड. बहुतेक अभ्यासक मानतात की ज्या खांबाने हा रस पुरवला तो अजून जिता आहे. भारताचा भूपट्ट उत्तरेला सरकला, आणि तो खांब आता हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाखाली आहे. तिथला ज्वालामुखी अजून वरचेवर वाहतो.

भेगेतून वाहणारा म्हणून तो गरीब, असं मात्र समजू नका. आइसलँडमध्ये १७८३ साली लाकीची सुमारे पंचवीस किलोमीटरची भेग आठ महिने चालू होती. रस कमी लोकांच्या अंगावर आला, पण सोबतच्या विषारी वायूंनी गवत नासलं, निम्म्याहून जास्त गुरं मेली आणि दुष्काळात देशातलं पाचातलं एक माणूस गेलं.

पातळ रस एकाच मुखातून येत राहिला तर जमिनीवर पालथ्या ढालीसारखा पसरट डोंगर होतो. हवाईतला मौना लोआ समुद्रसपाटीवर ४,१६९ मीटर आहे, पण उतार इतका मंद की डोंगर आहे हे कळायला लांब जावं लागतं. याउलट काही नुसते राखगोट्यांचे ढीग. मेक्सिकोत २० फेब्रुवारी १९४३ ला मक्याच्या शेतात भेग पडली आणि वर्षभरात तिथे तीनशे मीटरहून उंच टेकडी उभी राहिली, पारिकुतिन. १९५२ मध्ये गप्प झाली ती कायमची. त्याच १९४३ च्या अखेरीस जपानच्या उत्तरेला गव्हाचं शेत फुगायला लागलं. तिथला रस इतका घट्ट की वाहीचना, नुसता घुमटासारखा वर आला. मासाओ मिमात्सु नावाचे पोस्टमास्तर रोज एकाच जागेवरून त्या चढत्या टेकडीची रेघ कागदावर काढत राहिले. युद्धाचे दिवस, बाहेर कुणाला पत्ता नाही. त्यांचा तो आलेख आजही अभ्यासाला लावतात. मला या सगळ्या विषयात हा माणूस सर्वांत आवडतो.

साकुराजिमा, फुजी ही आणखी एक जात: राखेचा थर, लाव्ह्याचा थर, पुन्हा राख, असा चढत गेलेला उभा शंकू. रस बहुधा मधला, ना पातळ ना घट्ट, आणि पाण्याने भरलेला.

आणि आता, तुमच्या "केव्हा"च्या आधी, तो मुळात फुटतो कशाने. बाबा, तो फुटतो वायूमुळे. खोलात दाब असतो तोवर पाणी आणि इतर वायू रसात मुरलेले असतात. रस वर आला, दाब घटला, की ते बुडबुडे होऊन सुटतात आणि प्रचंड फुगतात. पातळ रसातून बुडबुडे निघून जातात, रस उसळतो, वाहतो, संपलं. घट्ट रसात ते कोंडले जातात. पुढचं तुम्हाला मी काय सांगावं! भोकात दारू कितीही घाला, वरून माती नीट ठासली नाही तर बार फुसका जातो, हे तुम्हीच शिकवलंत. इथे नळीच्या तोंडाशी रस गार होऊन स्वतःच बूच बनवतो. खाली वायू साठतो, डोंगर केसभर फुगतो, आणि बूच उडालं की माझ्या खिडक्या थरथरतात. पुडीत त्या बुचाचा चुरा असणार, थोडा ताज्या रसाचाही. म्हणून हे लहानसहान स्फोट मला फारसे भिववत नाहीत. लांबचं गप्प राहणं जास्त भिववतं.

बार कमकुवत बाजूने जातो, तेही खरंच. अमेरिकेतला सेंट हेलेन्स १९८० मध्ये कित्येक आठवडे उत्तरेच्या कुशीला फुगत होता. १८ मे रोजी भूकंपाने ती कूस घसरली, आतलं दडपण एकदम मोकळं झालं आणि स्फोट वर न जाता आडवा गेला. ५७ माणसं गेली. कधी ताजा रस लागतही नाही, तापलेल्या दगडात मुरलेल्या पाण्याची वाफ पुरते. जपानातल्या ओंताकेवर २०१४ च्या सप्टेंबरात ऐन दुपारी तसं झालं, शनिवार होता, शिखरावर गिर्यारोहकांची गर्दी.

आईला लाव्ह्याची भीती वाटते. तिला सांगा, लाव्ह्यापासून बहुधा चालत दूर जाता येतं. जाता येत नाही ते तापल्या राखेच्या नि वायूच्या लोंढ्यापासून. तो उतारावरून गाडीच्या वेगाने येतो. १९०२ मध्ये मार्तिनिक बेटावरचं सेंट पिएर शहर त्याने काही मिनिटांत संपवलं, सुमारे २८,००० माणसं. दुसरा वैरी चिखल. कोलंबियात १९८५ ला नेवादो देल रुइसचा उद्रेक तसा बेताचाच होता, पण शिखरावरचं बर्फ वितळलं आणि रात्री चिखलाच्या पुराने आर्मेरो गाव गाडलं. वीस हजारांवर लोक गेले, आणि धोक्याचा नकाशा आधीच तयार होता. हे वाचून मी त्या दिवशी जेवले नाही. आईला हे वाचून दाखवू नका.

आम्ही राहतो ती जमीनसुद्धा अशाच लोंढ्याची. खाडीचं उत्तरेचं टोक म्हणजे सुमारे तीस हजार वर्षांपूर्वीच्या एका महास्फोटानंतर खचलेलं कुंड. त्यातून निघालेला पांढरट चुरा इथे सगळीकडे आहे, शिरासु म्हणतात. मी दरडीला हात लावून पाहिला तर मूठभर हातात आली. सुरुंग नको, पहार नको. पण मुसळधार पाऊस लागला की याच दरडी कोसळतात.

आता "केव्हा". डोंगराच्या पोटात बोगदे खणून तिथे झुकाव मोजणारी यंत्रं ठेवली आहेत. जमीन केसाच्या हिश्शाने कलली तरी कळतं. बारीक भूकंप मोजतात, गंधकाचा वायू मोजतात, उपग्रहावरून जमिनीची उंची पाहतात. १९९१ मध्ये फिलिपिन्सच्या पिनातुबोपासून अशाच मापांच्या जोरावर हजारो माणसं वेळेत हलवली. इशाऱ्याच्या पाच पायऱ्या आहेत. साकुराजिमा बहुतेक तिसरीवर असतो, २०२२ च्या जुलैत तीनेक दिवस पाचवीवर गेला होता. पण १९१४ ला मोठा स्फोट झाला तेव्हा खाडीखालची जी जमीन खचली होती, ती तेव्हापासून हळूहळू परत वर येतेय, म्हणजे रस साठतोय. अभ्यासक हे उघड सांगतात. तारीख कुणी सांगत नाही.

गेल्या महिन्यात पलीकडे जाऊन आले. बोटीने पंधरा मिनिटं. एका देवळाची तीन मीटरची दगडी कमान १९१४ च्या राखेत गाडली गेली, वरचा मीटरभर तेवढा बाहेर आहे. वर्गात जाणारी मुलं डोक्यावर पिवळी शिरस्त्राणं घालतात. एका शाळेच्या आवारात दगडी शिळा आहे. त्यावर लिहिलंय की त्या जानेवारीत काही दिवस भूकंप होत होते, किनाऱ्यावर उकळतं पाणी निघत होतं, जुन्या मुखातून धूर येत होता. गावच्या प्रमुखाने हवामान केंद्राला पुन्हा पुन्हा विचारलं, उत्तर आलं: साकुराजिमा फुटणार नाही. त्याने लोकांना घाबरू नका म्हणून सांगितलं. शिकलेली माणसं विसंबून थांबली, बाकीचे आधीच होड्यांतून निघून गेले होते. १२ तारखेला डोंगर फुटला आणि थांबलेल्यांना समुद्रात उड्या टाकाव्या लागल्या. शेवटी लोकांना सांगितलंय, सिद्धांतावर विसंबू नका, विपरीत दिसलं की आधी निघायची तयारी करा. त्या उद्रेकाचा लाव्हा चारशेएक मीटर रुंदीची सामुद्रधुनी भरून पलीकडे गेला. साकुराजिमा बेट होतं ते तेव्हापासून बेट राहिलं नाही.

माझी पिशवी दाराशी भरलेली असते: पासपोर्ट, औषधं, टॉर्च, मास्क, गॉगल. आईला हे जरूर सांगा.

आणि एक काम. ओसरीच्या कोनाड्यात तुम्ही विहिरीतून आणलेला तो भोकांचा धोंडा आहे ना, एका पोकळीत पांढरे स्फटिक भरलेला? तो पुडीशेजारी ठेवून भिंगातून दोन्ही बघा. धोंड्यातला वायू रसातून निघता निघता राहिला, आणि पुढे पाण्याने ती पोकळी स्फटिकांनी भरली. पुडीतल्या वायूने रसाचे तुकडे केले. काय दिसतं ते फोनवर सांगा. शक्यतो शनिवारी रात्री करा, तुमच्या नऊला इथे साडेबारा होतात, मी जागी असते.

आईला नमस्कार, लहानांना पापे.

तुमची,
बेबी